त्या सुगीत मी एक नाव घेतलं

सोयाबीनचा हंगाम आमच्या दवाखान्यात जखमांवरून कळतो. पहिल्या आठवड्यात विळ्याचे काप येतात, बहुतेक डाव्या हाताच्या बोटांवर. मग साप चावलेले येतात, कारण कापून टाकलेल्या पेंढ्यांखाली गारवा असतो आणि माणसं न बघता हात घालतात. मग हडंबे सुरू होतात. मळणी यंत्राला आमच्या धाराशिव जिल्ह्यात हडंबा म्हणतात. ते ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून दिवसभर गुरगुरत असतं. तेव्हापासून खोकला येतो, सुजलेले डोळे येतात, आणि वर्षाला एखादा हात येतो, पट्ट्यानं ओढून नेलेला.

मी या दवाखान्यात नर्स आहे. परवा एका बाईच्या बोटाला पट्टी बांधत होते आणि रस्त्यापलीकडच्या रानात यंदाचा पहिला हडंबा सुरू झाला. माझा हात थांबला. बाई म्हणाली, "सिस्टर, दुखंना मला. बांधा तुमी." तिला वाटलं मी तिच्यासाठी थांबले. मी पट्टी पुरी केली, खिडकी लावून घेतली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

सोळा वर्षं झाली, तरी हा महिना माझ्या अंगावर येतो. आश्विनातलं ऊन खोटं असतं. सकाळी थंडीची चाहूल आणि दुपारी टाळू तापवणारं. वाळलेल्या शेंगेचं टोक सुईसारखं असतं, दिवसभर काढणी केली की तळहात जाळीदार होतात. मळणीचा धुरळा मानेत, कानात, पापण्यांत बसतो आणि आंघोळ केली तरी खाज जात नाही. आणि काढणीचा शेवट. चारी बाजूंनी कापत आलं की रानाच्या मध्यात एक तुकडा उरतो, खोलीएवढा. सगळ्या रानातले ससे, साप, घोरपडी मागं सरकत सरकत त्या तुकड्यात जमा झालेले असतात. मग गडीमाणसं काठ्या घेऊन भोवती उभी राहतात आणि बाया शेवटची पात कापायला वाकतात. जे बाहेर पळतं त्याच्यावर काठी पडते. लहानपणी मी हे बघायला मुद्दाम पुढं जायची.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते, लोहाऱ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात अण्णा, आई, मोठा भाऊ बालाजीदादा आणि त्याची बायको संगीता, म्हणजे माझी वैनी. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मला सायकल त्यानं शिकवली. सीट धरून गावाबाहेरच्या रस्त्यावर तो माझ्यामागं पळत होता आणि मी पडले तेव्हा माझ्याआधी तो रडला होता. हे सांगणं भाग आहे, कारण पुढं जे सांगायचंय ते ऐकून कुणाला वाटेल की तो पहिल्यापासूनच राक्षस होता. तो नव्हता.

मुलगी मोठी होते म्हणजे काय होतं, हे आमच्या घरात कुणी सांगितलं नाही. फक्त मनाई वाढत गेली. आधी झाडावर चढणं बंद झालं, मग मोठ्यानं हसणं, मग दारात उभं राहणं. पाळी आली तेव्हा आईनं कोपऱ्यात बसवून एवढंच सांगितलं, "आता इज्जत संभाळायची." इज्जत कुठं असते ते सांगितलं नाही. मला वाटलं, पोटात दुखतं तिथंच असेल. पुढं कॉलेजातल्या मुली कुणाकुणाच्या नावानं लाजायच्या, वहीच्या मागच्या पानावर अक्षरं काढायच्या. मला लाजायला कुणी सापडेना. मी एक खोटंच नाव ठरवून ठेवलं होतं. कुणी चिडवायला लागलं की ते नाव सांगून खाली बघायचं. माझ्यात काहीतरी राहून गेलंय, असं मी धरून चालले होते.

शिवलीला आमच्या शेजारच्या रानवाल्यांची. तिच्या वडलांचं गावात किराणा दुकान होतं, घरात कानडी बोलायचे, तिच्या गळ्यात चांदीच्या पेटीत लिंग असायचं. ती एकवीस वर्षांची होती आणि दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलेलं होतं. त्या वर्षी मजूर मिळेनात म्हणून दोन्ही घरांनी एकमेकांच्या रानात काढणी करायची ठरवली. मी कॉलेज बुडवून विळा धरला. शिवलीलाची पात कायम सगळ्यांच्या पुढं असायची. ती वाकली की थेट पातीच्या टोकालाच सरळ व्हायची, मागं वळून बघायची आणि मला म्हणायची, "ये की. किती वाट बघू?"

एका दुपारी शेंगेचं टोक माझ्या नखात घुसलं. बांधावर लिंबाखाली बाकीच्या बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या, आम्ही त्याच सावलीत जरा अलीकडं होतो. शिवलीलानं माझा हात मांडीवर घेतला, ओढणीची पिन काढली आणि म्हणाली, "हालू नको." टोक निघालं, रक्ताचा थेंब आला. तिनं माझं बोट तोंडात धरलं. लहानपणी आईही असंच धरायची. पण हे तसं नव्हतं, आणि ते आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं. तिनं बोट सोडलं, हात मात्र सोडला नाही. मला लाजायला इतकी वर्षं कुणी का सापडत नव्हतं, ते मला त्या लिंबाखाली समजलं. राहून काहीच गेलेलं नव्हतं. मी चुकीच्या बाजूला बघत होते, एवढंच.

पुढचे दहा-बारा दिवस मला अंगात ताप असल्यासारखे आठवतात. आम्ही एका तांब्यानं पाणी प्यायचो. पेंढ्या उचलताना तिची बांगडी माझ्या मनगटाला लागायची. गंजीच्या आडोशाला एकदा तिनं माझ्या तोंडावरचं फडकं खाली ओढलं. पुढचं माझ्यापाशीच राहू दे. मला भीती वाटली नाही, हे मात्र सांगते. आयुष्यात पहिल्यांदा माझं अंग मला माझं वाटलं, आईनं सांभाळायला दिलेल्या सामानासारखं नव्हे.

मी तिला पत्र लिहिलं. ते दिलं नाही, वहीत ठेवलं. आणि ते लिहिताना मी फार हुशारी केली. मराठीत 'तू' लिहून पुढं क्रियापद घातलं की बाई की माणूस ते लगेच उघडं पडतं. हसतेस, हसतोस. आलीस, आलास. कुणाच्या हाती लागलं तर शिवलीला सापडू नये म्हणून मी सगळं पत्र 'तुला' आणि 'तुझं' यांच्यावर निभावलं. 'तुझ्या हाताचा वास माझ्या ओढणीला आहे, ती मी धुतलेली नाही. तुला बघितलं की विळ्याची मूठ घट्ट धरावी लागते.' असं बरंच काही. दोन पानं, आणि दोन पानांत एकाही जागी ती बाई आहे हे कळत नव्हतं.

वैनी सातवीपर्यंत शिकलेली. माझ्या वह्या-पुस्तकं वाचायचा तिला नाद होता, दुपारी काम आटोपलं की ती माझ्या पिशवीतलं काहीही काढून वाचत बसायची. तिला ते पत्र सापडलं. त्यात एक जरी 'हसतेस' असतं तरी तिनं मैत्रिणीचं पत्र समजून, हसून ते परत वहीत ठेवलं असतं. बाईनं बाईला असं काही लिहावं हे तिच्या डोक्यात आलंच नसतं. मी बाई पुसून टाकली, म्हणून तिथं आपोआप माणूस उभा राहिला. वैनी दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. पुढं काही झालं असतं तर 'तुला माहीत असून सांगितलं न्हाईस' म्हणून तिच्यावरच आलं असतं. तिनं ते पत्र दादाला दाखवलं.

त्या सकाळी आमच्या रानातला शेवटचा तुकडा कापला होता. दादानं एक ससा मारला होता. तो कान धरून घेऊन आला, अंगणात टाकला आणि हात धुवायला गेला. हात धूत असतानाच वैनीनं त्याला आत बोलावलं. मी चुलीपाशी होते. तो बाहेर आला तेव्हा त्याचे हात ओलेच होते. त्यानं माझी वेणी धरली आणि मला गोठ्यात नेलं.

"कोण हाय त्यो?"

"कुणी न्हाय."

आधी हातानं मारलं. मग खुंटीला हडंब्याच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा अडकवलेला होता, तो काढला. तो पट्टा रबराचा, आत सुताचे थर असलेला, बोटभर जाड. तो पाठीवर पडला की आधी आवाज येतो आणि दुखणं नंतर येतं. बैलं दाव्याला हिसके देत होती. मी कोपऱ्यातल्या गव्हाणीत अंग चोरून बसले, त्यानं पाय धरून बाहेर ओढलं.

"नाव सांग. सोडतो. कोण हाय त्यो?"

"दादा, कुणी न्हाय रे. आईची शप्पत."

मी खरं सांगत होते. 'तो' कुणीच नव्हता. आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं ती आत येईल. ती म्हणाली, "तोंडावर मारू नको रं. दिवाळीला सोयरे यायचेत." आणि दार ओढून घेतलं. अण्णा ओसरीवर होते. ते खाकरलेलं मला ऐकू आलं, एवढंच.

शिवलीलाचं नाव जिभेवर आलं होतं. पण त्या घरातही एक दादा होता, एक गोठा होता, आणि तिचं तर लग्न ठरलेलं. मी जीभ चावली. मार खाताना डोकं बंद पडतं असं लोक म्हणतात. माझं पडलं नाही, उलट फार लखलखीत चाललं. गावातल्या कुणाचं नाव घेतलं तर दोन घरं एकमेकांवर उठतील. कॉलेजातल्या मुलाचं घेतलं तर दादा लोहाऱ्याला जाईल. कुणीतरी असा हवा होता ज्याचं इथं कुणी नाही आणि जो आठवडाभरात निघून जाणार आहे.

"दत्ता," मी म्हणाले. "हडंबावाला."

दत्ता भूमकडचा. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा कोरडा मुलूख, तिथून तो मालकाचा हडंबा घेऊन हंगामाला आमच्याकडं आला होता. वय असेल तिशीचं, बायको आणि दोन मुली गावाकडं. आयुष्यात तो माझ्याशी एकच वाक्य बोलला होता. चार दिवसांआधी मी पेंढी घेऊन मशीनजवळ गेले तेव्हा तो ओरडला होता, "ताई, ओढणी आवरा, पट्टा वढून न्हेईल." मला ताई म्हणणारा, माझी ओढणी वाचवणारा माणूस. त्याचं नाव मला आठवलं ते कदाचित त्यामुळंच.

मार थांबला. दादानं पट्टा खाली टाकला आणि तो निघून गेला. आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला सोळा वर्षं लागली. त्या नावासरशी माझ्या पाठीला जी सुटका मिळाली, तिच्यात मी डोळे मिटले. एका माणसाला पुढं केलं होतं आणि मला बरं वाटत होतं.

गोठ्याला बाहेरून कडी होती. रान घराच्या मागंच, हडंबा चालू असलेला ऐकू येत होता. पेंढ्या टाकत असले की त्याचा आवाज दबका येतो, भरल्या तोंडासारखा. थोड्या वेळानं तो आवाज बदलला. पेंढ्या टाकायचं थांबलं होतं आणि मशीन मोकळं फिरत होतं. मोकळा हडंबा खडखडतो, त्याच्यात लोखंड ऐकू येतं. माणसांचा आरडाओरडा त्या खडखडाटात बुडून गेला, एक आवाज सोडून. तो आवाज शब्दांचा नव्हता. मग कुणीतरी ट्रॅक्टर बंद केला.

संध्याकाळी दादा वाटीत हळद गरम करून घेऊन आला. माझ्या पाठीला लावायला आईला दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसून राहिला. "तुला मारताना मला काय बरं वाटलं का?" म्हणाला आणि रडायला लागला. सायकलवरून पडले तेव्हा रडला होता तसाच. मला त्या वेळी त्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा मारतानाही आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी शिवलीला विरजण मागायचं निमित्त करून आली. आई आत गेली तेव्हा ती माझ्याजवळ वाकून हळू आवाजात बोलायला लागली. तिनं सगळं बघितलं होतं. दादा आणि दोन चुलतभावांनी दत्ताला हडंब्यावरून खाली ओढलं, तो 'काय केलं म्या, सांगा तरी' म्हणत होता, आणि ट्रॅक्टरच्या टायरवर त्याचा उजवा हात आडवा धरून त्यावर लोखंडी टॉमी घातली. मग त्याला वडापच्या जीपमध्ये टाकून लोहाऱ्याला धाडलं. घराची अब्रू म्हणून आमचे लोक गप्प, परगावचा म्हणून तो गप्प. पोलिसांत कुणी गेलं नाही.

"माझं नाव का घेतलं न्हाईस?" तिनं विचारलं.

मला वाटलं होतं ती माझे आभार मानेल. मी म्हणाले, "तुला वाचवलं मी."

"मला? अगं, माझं नाव घेतलं असतंस तर हसले असते सगळे. खरं वाटलंच नसतं कुणाला. तू सुटली असतीस, त्यो बी सुटला असता." तिचे ओठ पांढरे झाले होते. "हाताचं हाड भायेर आलं व्हतं त्याच्या. मी बघितलंय."

आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. जोरात. त्या आठवड्यात मला जेवढा मार बसला, त्यातला तेवढाच माझा होता. ती विरजणाची वाटी घेऊन गेली आणि नंतर आमच्या बांधावर आली नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. मांडवात तिनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं, बायांनी हसून दाद दिली. मी मागं खांबाला टेकून उभी होते. पाठ अजून टेकवत नव्हती, म्हणून खांद्यानं टेकले होते.

आमच्याकडं सोयरे ठरल्याप्रमाणं आले. पाट मांडला, पोहे झाले, मुलाच्या मामानं नाव-गाव-शिक्षण विचारलं. तोंडावर एकही खूण नव्हती. आईनं पदर डोक्यावरून नीट घेऊन दिला होता. मामा म्हणाले, "पोरीला काय इचारायचं असंल तर इचारू द्या." सगळे हसले. मी म्हणाले, "विचारायचं नाही, दाखवायचंय. माझ्या पाठीवर वळ आहेत. तुमच्यातल्या बायांनी आत येऊन बघून घ्यावेत, मग ठरवावं." मुलाच्या आईनं ताटली खाली ठेवली. पाच मिनिटांत त्यांची गाडी निघाली.

मला वाटलं आता गोठा. पण दादा जागचा हलला नाही. अण्णांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, "हिला कुठंतरी शिकाया घाला. गावात नको." तालुक्याला बातमी पसरायच्या आत मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेले. माझी सुटका अशी झाली. कुणी मला मोकळं केलं नाही, मी घरात नकोशी झाले एवढंच.

पुढं माझ्या आयुष्यात कुणी आलं, कुणी गेलं, तो या लेखाचा विषय नाही. शिवलीला मला एकदाच भेटली, नळदुर्गच्या स्टँडवर. सोबत तिची मुलगी होती, शाळेच्या गणवेशात. शिवलीला मला बघून थांबली आणि तिच्या कानडीत म्हणाली, "ह्यांग अदी?" कशी आहेस. मी म्हणाले, "बरी हाय." तिनं माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि नखं बघितली. मग तिची गाडी लागली.

दत्ताकडं जायला मला बारा वर्षं लागली. सबबी पुष्कळ होत्या. ड्यूटी, बदली, त्याचं आडनाव माहीत नसणं. मग एका हंगामात दवाखान्यात एक हात आला, पट्ट्यात सापडलेला. मी तो धरून बसले होते, डॉक्टर गाडीची व्यवस्था करत होते. तो माणूस माझ्याकडं बघत सारखं एकच म्हणत होता, "सिस्टर, राहील ना हात? मला दुसरं काय येत न्हाय." पुढच्या रविवारी मी एसटीनं भूमला गेले. बाजारात चार ठिकाणी विचारलं. हडंबा चालवणारा दत्ता म्हटल्यावर पाचव्यानं सांगितलं, "आता कुठं चालवतोय. इंजनं दुरुस्त करतो, त्या पलीकडच्या गल्लीत."

पत्र्याचं शेड होतं. एक बाई कडबाकुट्टीचं पातं काढत होती आणि एक माणूस शेजारी बसून तिला सांगत होता, कुठला नट आधी, कुठला मागनं. त्याचा उजवा हात कोपराखाली बाहेरच्या बाजूला वाकलेला होता आणि बोटं अर्धी मिटलेली. त्यानं मला ओळखलं नाही. मी माझ्या गावाचं नाव सांगितलं. मग ओळखलं.

बाई, म्हणजे त्याची बायको मंगल, उठून उभी राहिली. मी उभ्या उभ्याच बोलले. "मी तुमचं नाव खोटंच सांगितलं होतं. मार सहन होईना, म्हणून. तुमचा काही दोष नव्हता."

"त्ये मला ठावं हाय," दत्ता म्हणाला. "म्या काय केलंच नव्हतं." त्यानं डाव्या हातानं पातं जरा बाजूला सारलं. मग म्हणाला, "एक सांगा. बारा वरसं इचार करतोय म्या. कुणाच्या वाट्याचा मार खाल्ला? त्यो कोण व्हता?"

हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. पण ते ऐकायचा हक्क जगात कुणाला असेल तर त्याला होता.

"तो नव्हता," मी म्हणाले. "ती होती. शेजारच्या रानातली."

त्याला कळायला वेळ लागला. मंगलला आधी कळलं. तिनं पान्हा खाली ठेवला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, राग म्हणावा तर राग नाही. "मला वाटायचं," तो सावकाश बोलला, "कवा तरी त्यो गडी घावंल, आन् मंग डाव्या हातानं का हुईना, एक ठिवून दीन. आता त्ये बी गेलं." तो हसला. बायको हसली नाही.

"माफी मागायला आले," मी म्हणाले.

"माफी-बिफी मला जमायची न्हाय, बाई."

मी मान हलवली. निघणार, तेवढ्यात मंगल म्हणाली, "तुमी दवाखान्यात हाव म्हणता. मंग ह्येंच्या हाताचं काय हुतंय का बघा. रडून आमाला काय उपेग?"

मी त्याच आठवड्यात घरी गेले. अण्णा तोवर वारले होते. दादा ओसरीवर दाढी करत बसला होता. वैनी ज्वारी निवडत होती. मी सांगितलं की दत्ताचा काही संबंध नव्हता, ते पत्र शिवलीलाला होतं.

"शिवलीला? ती दुकानवाल्याची?" दादा आरशातून माझ्याकडं बघत म्हणाला. "मैतरणीला लिव्हलं व्हतं व्हय? मंग तवाच सांगायचं की. उगं मार खाल्लास."

शिवलीला खरं बोलली होती. इतकं सोपं होतं ते. मी म्हणाले, "मैत्रीण म्हणून नाही लिहिलं, दादा. वैनीनं वाचून जे समजलं होतं, तेच होतं ते. फक्त माणूस नव्हता."

वस्तरा त्याच्या गालाशी थांबला. वैनीनं सुपातली ज्वारी एकदा वर उडवली, पुन्हा उडवली, मग सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच, सरळ. "वन्सं," ती म्हणाली, "म्या त्यो कागद अजून ठिवलाय." ती आत गेली आणि डाळीच्या डब्याखालून घडी आणून माझ्या हातात दिली. का ठेवला होता ते तिनं सांगितलं नाही. मी दादाला म्हणाले, "त्या माणसाचा हात दाखवायला सोलापूरला नेणार आहे. तू सोबत चल." दादानं उरलेली दाढी केली, तोंड पुसलं आणि रानात निघून गेला. तो आला नाही.

सोलापूरला हाडाच्या डॉक्टरनं फोटो उजेडावर धरून सांगितलं, हाड वाकडंच जुळलंय, पुन्हा तोडून सरळ बसवावं लागेल. बोटं पूर्ण उघडतील असं सांगता येत नाही. पण पान्हा धरता येईल. दत्ता म्हणाला, "तोडा." मुलीची परीक्षा होती म्हणून मंगल दुसऱ्या दिवशी येणार होती, त्या दिवशी त्याच्यासोबत मीच होते. खिडकीवरच्या माणसानं भरतीचा कागद पुढं केला आणि न बघता विचारलं, "पेशंटसोबत कोण? नातं काय?"

दत्ता माझ्यामागून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्येंच्यापायीच मोडलाय हात. तसंच लिवा."

खिडकीतल्या माणसानं मान वर केली. त्यानं दत्ताकडं बघितलं, मग माझ्याकडं. "खरंय का?"

"हो," मी म्हणाले.

त्यानं पेन माझ्याकडं सरकवलं. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. नात्याच्या पुढची जागा कोरी सोडली, खाली सही केली आणि दत्ताचा वाकडा हात कोपराखाली धरून त्याला आत घेऊन गेले.